समुद्रसपाटी सपाट असते का?

आपल्याकडील रेल्वेस्थानकांवर गावाच्या नावाची पिवळी पाटी असते. तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्या स्थानकाची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. गेल्या नाताळच्या सुट्टीत तंजावरच्या स्थानकावर उतरलो, तेव्हा नववीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने ती ओळ वाचली आणि विचारले, "मामा, भरती-ओहोटी येते, लाटा येतात, मग समुद्र सपाट कुठे असतो? ही उंची मोजायची तरी कुठपासून?"

प्रश्न चांगला होता. पण हातात सामान होते, बाहेर गाडीवाला वाट पाहत होता. "सांगतो, पण शेवटच्या दिवशी," असे म्हणून मी वेळ मारून नेली. आमचा बेत तीन दिवसांचा होता. एक दिवस तंजावर, मग गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने सुमारे अडीचशे किलोमीटर जाऊन रामेश्वर बेट, आणि शेवटी त्या बेटाचे टोक, म्हणजे धनुष्कोडी.

तंजावर हे मराठी माणसाला परके वाटत नाही. सतराव्या शतकात शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी येथे राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. सरफोजीराजे दुसरे यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. बृहदीश्वराच्या मंदिरात त्यांनीच १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास भिंतीवर मराठीत कोरून घेतला. तमिळनाडूत, चोळांनी बांधलेल्या मंदिरात, दगडावरची लांबच लांब मराठी वाचताना भाच्याला मोठी गंमत वाटली.

हे मंदिर राजराज चोळ याने बांधले व ते १०१० साली पूर्ण झाले. गाभाऱ्यावरचे ग्रॅनाइटचे शिखर सुमारे ६३ मीटर उंच आहे. आम्ही ते पाहत उभे होतो तोच शेजारच्या एका मंडळींना त्यांचा वाटाड्या सांगू लागला, "या शिखराची सावली जमिनीवर कधीच पडत नाही." हे वाक्य तुम्हीही कोठे ना कोठे वाचले असेल. भाच्याने माझ्याकडे पाहिले, मी घड्याळाकडे पाहिले. दुपारचे बारा वाजत होते आणि डिसेंबर असूनही आकाश स्वच्छ होते.

तंजावरचे रेखांश ७९ अंशांहून थोडे पुढे आहेत आणि आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालते. प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथे सूर्य माध्यान्हीला साधारण सव्वाबाराच्या सुमारास येतो. आम्ही मंदिराच्या उत्तरेकडील अंगणात गेलो. शिखराची सावली अंगणातील फरसबंदीवर पसरलेली होती. टोकाचा कळससुद्धा ओळखू येत होता!

हे गणिताने पडताळून पाहू. तंजावरचे अक्षांश सुमारे १०.८ अंश उत्तर. डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस २३.४ अंश असतो. म्हणजे माध्यान्ही तो डोक्यावरच्या बिंदूपासून ३४.२ अंश दक्षिणेकडे कललेला असतो. या कोनाचे स्पर्शगुणोत्तर ०.६८. अर्थात एक मीटरची काठी उभी धरली तर तिची सावली ६८ सेंटिमीटर पडेल, आणि ६३ मीटरच्या शिखराच्या टोकाची सावली मध्यापासून ४३ मीटरवर पडेल. शिखराचा पाया चौरस असून त्याची बाजू सुमारे ३० मीटर आहे. त्यातील अर्धी बाजू, १५ मीटर, वजा केली तरी २८ मीटर सावली अंगणात उरते. हा हिशेब उलटाही करता येतो. सावली पावलांनी मोजा, काठीची सावली मोजा आणि त्रैराशिक मांडा, की शिखराची उंची मिळते. आमच्या पावलांच्या हिशेबाने ती ६० मीटर आली. गर्दीतून वाट काढत टाकलेली पावले लक्षात घेता हे उत्तर वाईट नाही.

मग ही समजूत निराधारच म्हणावी काय? येथे थोडे थांबले पाहिजे. टोकाची सावली पायाच्या बाहेर पडायची तर ती मध्यापासून १५ मीटरहून दूर गेली पाहिजे. पंधरा भागिले त्रेसष्ट म्हणजे ०.२४, हे स्पर्शगुणोत्तर सुमारे १३.४ अंशांचे आहे. माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून याहून कमी कललेला असेल तर कळसाची सावली मंदिराच्या स्वतःच्याच अंगावर पडेल, जमिनीवर येणार नाही. तंजावरला असे किती दिवस होते? मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत! १८ एप्रिल आणि २४ ऑगस्टच्या सुमारास तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो. २१ जूनला तो उत्तरेकडे १२.६ अंश कलतो आणि कळसाची सावली दक्षिणेला १४ मीटरवर पडते, म्हणजे जेमतेम पायाच्या आत. थोडक्यात, वर्षातील सहा महिन्यांहून अधिक काळ, ऐन माध्यान्ही, कळसाची सावली जमिनीवर सापडत नाही. कोणीतरी हे नीट पाहिले असेल. पुढे सांगता सांगता 'माध्यान्ही' गळले, 'सहा महिने' गळले, आणि 'कधीच' तेवढे उरले. यात शिल्पकारांचा गुप्त हेतू शोधण्याचे कारण नाही. उंची पायाच्या दुपटीहून किंचित जास्त असलेल्या, या अक्षांशावरच्या कोणत्याही निमुळत्या इमारतीचे असेच होईल. चोळांच्या स्थपतींचे खरे कर्तृत्व हजार वर्षे उभ्या राहिलेल्या त्या दगडांत आहे.

(आपल्या गावीही असा शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो. पुण्यात तो १३-१४ मेच्या सुमारास असतो. जुलैअखेरचा दुसरा दिवस बहुधा ढगांत जातो. शिक्षकांनी मे महिन्याची सुट्टी आड येऊ देऊ नये.)

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टुक्कोट्टईमार्गे आम्ही किनारा गाठला. येथे सरफोजीराजांनी उभारलेला एक बुरूज आहे. इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ त्यांनी तो १८१४ च्या सुमारास बांधला. विजय परक्याचा, स्मारक आपल्या राजाने बांधलेले. त्या काळी सत्ता कोणाच्या हाती गेली होती हे यावरून दिसतेच. सुमारे ७५ फूट उंचीच्या या षट्कोनी इमारतीला तेथील लोक आजही 'मनोरा' म्हणतात.

मनोऱ्याच्या माथ्यावरून समुद्र किती दूरवर दिसेल? क्षितिजाचे अंतर काढण्याचा नियम सोपा आहे. पृथ्वीची त्रिज्या आणि आपली उंची यांचा गुणाकार दुप्पट करावा व त्याचे वर्गमूळ घ्यावे. त्रिज्या ६,३७० किलोमीटर, उंची ०.०२३ किलोमीटर, वर्गमूळ निघते सुमारे १७. म्हणजे सतरा किलोमीटरपलीकडचे पाणी पृथ्वीच्या गोलाईआड जाते. भाचा म्हणाला, "म्हणजे समुद्र सपाट नाहीच, फुगीर आहे." त्याच्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर झाले. 'सपाटी' हा शब्द भूमितीतील प्रतलाच्या अर्थाने घ्यायचाच नाही. स्थिर पाण्याचा पृष्ठभाग प्रत्येक ठिकाणी गुरुत्वाकर्षणाच्या दिशेशी काटकोन करतो, आणि ती दिशा जागोजाग बदलत असल्यामुळे तो पृष्ठभाग गोलाकार होतो.

आणि लाटा, भरती-ओहोटी? त्यांच्यासाठी सरासरी काढतात. बंदरात भरतीमापक बसवून वर्षानुवर्षे पाण्याची पातळी नोंदवायची आणि तिची सरासरी घ्यायची. भारतातील उंचीमापनाचा शून्य १९०९ मध्ये अशा नऊ बंदरांवरून ठरवला गेला. त्यांत मुंबई आणि कारवार होते, तसेच तंजावरहून फार दूर नसलेले नागपट्टिणमही होते. आपल्या पिवळ्या पाट्यांवरील आकड्यांचे मूळ तेथे आहे.

पण सरासरी म्हटली की तिच्यापासून पाणी किती दूर जाऊ शकते हा प्रश्न उरतोच. तो आम्हाला पुढे भेटणार होता.

किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे जाताना डावीकडे अधूनमधून पाल्कचा उपसागर दिसत होता. हा समुद्र विलक्षण उथळ आहे. भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या या पाण्याची सरासरी खोली दहा मीटरांच्या आसपास आहे. देवीपट्टिणमला तर नवग्रहांचे नऊ दगडी खांब समुद्रातच उभे आहेत आणि भाविक पाण्यात शिरून त्यांची पूजा करतात. उत्तर-दक्षिण शंभर किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या पाण्याची खोली दहा मीटर, हे प्रमाण मनाशी पक्के धरा. या मासिकाच्या पानाएवढा समुद्र कल्पिला तर त्याची खोली कागदाच्या जाडीपेक्षाही कमी भरेल.

रामनाथपुरम् मागे पडले आणि पांबनचा पूल आला. रस्त्याचा पूल १९८८ मध्ये खुला झाला. त्यावरून शेजारचा रेल्वेपूल छान दिसतो. पहिला रेल्वेपूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झाला. दोन किलोमीटरहून थोडा लांब, आणि मध्ये जहाजांसाठी दोन पात्यांचा, दारासारखा वर उघडणारा गाळा. खाऱ्या वाऱ्याने लोखंड खाल्ले आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरील गाड्या थांबल्या. नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटर लांबीचा मधला गाळा आडवाच्या आडवा १७ मीटर वर उचलला जातो. सुमारे ६६० टनांचा हा गाळा नुसता उचलायचा तर अकरा कोटी ज्यूल कार्य करावे लागेल, म्हणजे तीस युनिट वीज. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना समतोलाची वजने टांगलेली असतात. गाळा वर जातो तेव्हा ती खाली येतात, आणि यंत्राला मुख्यतः घर्षणाशीच झगडावे लागते. इमारतीतील लिफ्टचे तत्त्वही हेच.

जुन्या पुलावर वाऱ्याचा वेगमापक होता आणि वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की गाड्या थांबवल्या जात. ताशी ५८ म्हणजे तसा फार नव्हे, असे भाच्याला वाटले. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. वेग ताशी १४४ झाला, म्हणजे अडीच पट, तर जोर सहापट होतो. हा वर्गाचा नियम पुढेही लागणार आहे.

रामेश्वर हे डॉ. अब्दुल कलाम यांचे जन्मगाव. मंदिर, लांबलचक सभामंडप आणि बावीस कुंडे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी येथे थांबत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धनुष्कोडीला निघालो. बेटाची ही शेपटी म्हणजे वाळूचा एक निमुळता पट्टा आहे. उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचे आखात आणि मध्ये रस्ता. येथील कोळी उत्तरेच्या समुद्राला 'पेण् कडल' म्हणजे बाईसमुद्र आणि दक्षिणेच्या समुद्राला 'आण् कडल' म्हणजे बाप्यासमुद्र म्हणतात. मात्र डिसेंबरात, ईशान्य मोसमी वाऱ्यांत, पाल्कचा समुद्र खवळतो आणि मन्नारचे आखात त्या मानाने शांत असते. आम्ही गेलो त्या दिवशीही उत्तरेच्या बाजूला पांढरा फेस होता.

येथे एके काळी गाव होते. स्थानक, टपाल कचेरी, चर्च, शाळा. मद्रासहून निघालेली बोट मेल येथे येई, आणि प्रवासी आगबोटीत बसून सिलोनमधील तलैमन्नारला जात. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ श्रीलंका ओलांडून येथे आले. पांबनहून निघालेली प्रवासी गाडी धनुष्कोडीच्या जवळ आली असतानाच पाण्याने गिळली. गाडीत शंभराहून अधिक माणसे होती. कोणीही वाचले नाही. गाव गेले. पांबनच्या पुलाच्या १४५ गाळ्यांपैकी १२६ वाहून गेले. मधला उघडणारा गाळा मात्र टिकला. पुलाची दुरुस्ती ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याने ४६ दिवसांत पुरी केली. पुढे आपली कोकण रेल्वे उभी करणारे ते हेच. धनुष्कोडी मात्र राहण्यास अयोग्य म्हणून जाहीर झाले.

पडक्या चर्चच्या भिंतींशी उभे राहून भाच्याने विचारले, "एवढं पाणी आलं कुठून?"

मी वाळूत काठीने आकृती काढली. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वादळ पूर्वेकडून पश्चिमेकडे येत असेल, तर त्याच्या पुढच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला, वारे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात. म्हणजे केंद्र पोचण्याआधी पाल्कच्या उपसागराचे पाणी दक्षिणेकडे रेटले जाते. आणि दक्षिणेला काय आहे? रामेश्वर बेट, धनुष्कोडीचा पट्टा आणि त्यापुढे श्रीलंकेपर्यंत गेलेली वाळूच्या उथळ बेटांची रांग. पाण्याला मोकळी वाट नाही, म्हणून ते भिंतीशी चढू लागते.

किती चढेल? वारा पाण्यावरून घासत जातो आणि पृष्ठभागाला पुढे ओढतो. ताशी १४४ किलोमीटरच्या वाऱ्याची ही ओढ दर चौरस मीटरला सुमारे ५ न्यूटन असते, म्हणजे अर्ध्या किलोच्या वजनाएवढी. वाटते, एवढ्याने काय होणार? पण पाणी पुढे जमून पृष्ठभाग तिरका झाला की ते उताराने मागे येऊ पाहते. हे मागे येणे आणि वाऱ्याची ओढ यांचा समतोल होईपर्यंत उतार वाढत जातो. दहा मीटर खोल समुद्रात एक चौरस मीटर तळावर उभ्या असलेल्या पाण्याचे वजन सुमारे एक लाख न्यूटन. ओढ ५ न्यूटन. म्हणून उतार पाच भागिले एक लाख, म्हणजे वीस हजारांत एक. एक मीटर लांबीच्या टेबलाच्या एका टोकाखाली वहीच्या कागदाची अर्धी जाडी सरकवली तर जेवढा कल येईल, तेवढा. डोळ्याला तो मुळीच दिसणार नाही.

आता तंजावरच्या अंगणातील त्रैराशिक आठवा. वीस हजारांत एक, म्हणजे किलोमीटरला ५ सेंटिमीटर. असा वारा पन्नास किलोमीटर पाण्यावरून वाहिला तर पलीकडच्या टोकाला पाणी अडीच मीटर चढले!

खोली छेदात आहे हे विसरू नका. समुद्र शंभर मीटर खोल असता तर हीच चढ पंचवीस सेंटिमीटर झाली असती आणि गावाचे काही बिघडले नसते. माणसाला उथळ पाणी सुरक्षित वाटते. वादळात नेमके तेच घात करते. वाऱ्याचा वेग मात्र वर्गाने अंशात आहे. तो याहून जास्त असेल तर चढ किती झपाट्याने वाढेल, हे पांबनच्या पुलावर आपण पाहिलेच. शिवाय वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असतो. दाब एक मिलिबारने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर येते. त्यात चाळीस-पन्नास सेंटिमीटरची आणखी भर. या सगळ्या चढलेल्या पाण्यावर लाटा स्वार होतात त्या वेगळ्याच. मग केंद्र पुढे सरकते, वारे दक्षिणेकडून वाहू लागतात आणि मन्नारच्या आखाताची पाळी येते. धनुष्कोडीची वाळू समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच.

भाचा बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत होता. मग म्हणाला, "त्या गाडीतल्या लोकांना कोणी सांगितलं नाही?" १९६४ मध्ये भारताचा स्वतःचा एकही उपग्रह नव्हता, आणि त्या रात्री तारा तुटल्यावर पुढच्या स्थानकाची खबर मागच्या स्थानकाला कळायलाही मार्ग उरला नव्हता. आज वादळ येण्यापूर्वी हवामान खाते वाऱ्याबरोबर पाणी किती चढेल याचाही अंदाज देते. त्यासाठी किनाऱ्याजवळील समुद्राची खोली जागोजाग मोजून संगणकात भरावी लागते. वाळूतला आमचा हिशेब आणि संगणकाचा हिशेब यांचे मूळ तत्त्व एकच आहे. संगणक तो हजारो चौकटींत, मिनिटामिनिटाला करतो एवढेच. २०१३ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर फायलिन वादळ आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवले गेले होते आणि मनुष्यहानी फार थोडी झाली.

घरी आल्यावर भाच्याने एक प्रयोग केला. तुम्हीही करा, पण पाणी आणि वीज जवळ असल्यामुळे मोठे माणूस शेजारी असू द्या. पितळेची सपाट परात अगदी समपातळीत ठेवून तिच्यात दोन-तीन मिलिमीटर पाणी घ्यायचे आणि टेबलपंखा हातभर अंतरावरून तिच्यावर तिरका सोडायचा. शेजारी तेवढ्याच तोंडाच्या खोल पातेल्यात काठोकाठ पाणी ठेवायचे. पातेल्यातल्या पाण्यावर नुसत्या लहरी उठल्या. परातीतले पाणी पलीकडच्या काठाशी जमा झाले आणि पंख्याकडची कड कोरडी पडली.